आपल्याच खड्ड्यातली मरळ

बाळंतिणीनं सासूच्या हातचा घास फळ्यांच्या फटीतून खाली कुत्र्याला टाकावा, असली रीत नाखोक गावात आजवर कुणी पाहिली नव्हती. केनचाननं पाहिली. घराखाली कोंबड्यांना तूस टाकायला ती वाकली, तर नेमकं सुनेच्या बाजेखाली मरळीच्या पाठीचा अख्खा काटा पडलेला, वर मांस तसंच, आणि शेजारी कुत्रा असा पसरलेला की लग्नाच्या पंगतीतून उठून आला असावा.

म्हातारीनं मान वर केली. लाकडी खांबांवर उभं घर, वरच्या फळ्यांमधून धुराची रेघ उतरत होती. आगीशेजारच्या बाजेवर सून कूस बदलत होती, तेवढी सावली हलली.

"कुत्राच बाळंत झाला म्हणायचा," केनचान मोठ्यानं म्हणाली. "उद्यापासून त्यालाच आगीपाशी निजवते. त्याच्या पोटाला शेक देते."

मालिवान उत्तर देतच नसे. केनचानला तेच खपत नव्हतं. उलट बोलणारी सून परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं. भांडलं की दोघींना भूक लागते आणि दोघी एका टोपलीतून भात खातात. ही बया 'हो आई' म्हणायची आणि मनातलंच करायची. हिच्याशी भांडायचं म्हणजे वाळत घातलेल्या लुगड्याशी भांडणं.

नाखोकमधल्या निम्म्या बायका बाळंतपणात केनचाननं आगीपाशी निजवल्या होत्या. चिंचेचं लाकूड घ्यायचं, त्याला ठिणगी उडत नाही. मुळ्या उकळलेलं पाणी कढतच प्यायचं. दवाखान्यात बाळंत झाली म्हणून काय झालं, घरी आली की बाई केनचानच्या ताब्यात. आणि खायला चिकट भात, मीठ आणि भाजलेली मरळ. दुसरं काही नाही. मागूर चालत नाही, तिला खवले नसतात. म्हशीचं मांस नको, कच्ची पपई नको, मुरवलेल्या माशांचा रांजण तर नजरेसमोरसुद्धा आणायचा नाही. रक्त उलटतं आणि बाई भ्रमिष्ट होते. मरळ मात्र आयाबायांचा मासा. शेत वाळलं की बाकीचे मासे तडफडून मरतात, मरळ चिखलातून सरपटत पाणी शोधत जाते. तिचं मांस खाल्लं की जखम भरते, अंगावर दूध उतरतं. हे केनचानच्या आईनं सांगितलं, तिच्या आईनं तिला सांगितलं, आणि यात कधी कुणाचं वाकडं झालं नव्हतं.

झालं नव्हतं, असं केनचान चारचौघांत म्हणायची.

खाण टेकडीवर आली तेव्हा तिचा नवरा जिवंत होता. तो म्हणायचा, टेकडी सोन्याची होती आणि आपण तिच्यावर बांबूचे कोंब खणत बसलो. पुढं टेकडीचं अर्धं अंग कापून निघालं, मागं राखाडी पाण्याचा तलाव झाला, आणि पावसाळ्यात तो तलाव बांध ओलांडून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरांत यायला लागला. खाचराच्या कोपऱ्यात प्रत्येक घराचा एक खोल खड्डा असतो. कापणी झाली, पाणी आटलं, की सगळ्या खाचरातला मासा त्या खड्ड्यात गोळा होतो. मग खड्डा उपसायचा. वर्षाचं खारवण, वर्षाचं मुरवण त्याच्यातनंच.

उन्हाळ्यात आरोग्य केंद्राची माणसं आली आणि ओढ्याकाठी पाटी रोवून गेली. ओढ्यातले, खाचरातले मासे, खेकडे, गोगलगायी खाऊ नयेत. पाटी रोवणारा पोरगा बँकॉकचा होता, बूट घालून बांधावर चालत होता, आणि घसरून खाचरात बसला. बायका हसल्या. मग विहारात सभा झाली. त्या पोरानं पडद्यावर चित्रं दाखवली, माशाच्या पोटात काय काय साठतं त्याची. केनचानला अक्षर फारसं लागत नव्हतं, चित्र कळलं. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, कारण नाखोकमध्ये माशाचा शब्द केनचानचा.

ती उठली. भंत्यांच्या पानासाठी आणलेल्या माशांतला एक भाजलेला मासा तिनं उचलला, खाचरातलाच, आणि सगळ्यांसमोर मागचापुढचा काटा चोखून खाल्ला.

"बाळा," ती त्या पोराला म्हणाली, "तुझ्या आजीचे केस पिकले त्याच्या आधीपासून मी हे खाते. तू आधी बांधावर चालायला शीक, मग मला जेवायला शिकव."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भंतेसुद्धा हसू लपवत होते. अशी मिरवून ती घरी आली, आणि पुढच्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या बाईनं तिला निरोप धाडला की नातीला घेऊन या.

नात म्हणजे ओन. लेकीची पोर. लेक रयोंगच्या कारखान्यात गेली, तिकडंच दुसरं लग्न लावून बसली, आणि ओन आजीच्या पदरात राहिली. पोर उशिरा चालली, उशिरा बोलली. इतर मुलं शाळेत पाढे म्हणायला लागली तरी ओनच्या तोंडी शब्द मोजकेच, एका वेळी एक. 'पाणी.' 'आजी.' 'डोकं.' डोकं म्हणजे भाजलेल्या मरळीचं डोकं. ते तिचा जीव की प्राण. केनचान लोकांना सांगायची, ग्रहणात जन्मली म्हणून अशी.

सभेच्या दिवशी गावातल्या सगळ्या पोरांचं रक्त तपासायला नेलं होतं. आरोग्य केंद्रातली बाई खालच्या आवाजात बोलली. ओनच्या रक्तात शिसं सापडलं होतं.

"शिसं म्हणजे," केनचाननं विचारलं, "जाळ्याला बांधतात ते?"

"हो, तेच."

केनचान घरी आली. नवऱ्याचं फेकायचं जाळं खुंटीला होतं, ते काढून मांडीवर घेतलं. कडेला ओवलेले शिशाचे मणी हातात घेऊन बराच वेळ बसली. केवढे जड. ओन समोर मातीत रेघा ओढत होती, हडकुळी, वाऱ्यानं उडेल अशी. एवढ्याशा पोरीत हे मावलं कुठं, हे म्हातारीला समजेना. मग आणखी एक गोष्ट मनात आली, ती तिनं लगेच बाजूला सारली. ओनच्या आईला आगीपाशी कुणी निजवलं होतं, आणि टोपलीभर मरळ कुणी भाजून घातली होती.

त्या दिवसापासून केनचाननं ओनला खाचरातला मासा दिला नाही. गावाला सांगितलं नाही. सांगणार काय? विहारात काटा चोखून दाखवल्यावर? गावात ती पूर्वीसारखीच पाटीची टिंगल करायची, आणि घरी दार लोटून ओनला अंडं उकडून घालायची, डब्यातला समुद्राचा मासा घालायची. कुणी विचारलं तर, पोरगी लाडावलीय. स्वतः मात्र खाचरातलाच खायची. आपलं वय झालं, आपल्याला आता काय होतंय.

ओन महिनोन्‌महिने 'डोकं' मागत राहिली. पानात अंडं आलं की आजीकडे बघायची. रडायची नाही, नुसती बघायची. पण कापणीच्या सुमारास आरोग्य केंद्रातल्या बाईनं पुन्हा रक्त घेतलं आणि म्हणाली, "उतरलंय, आजी. बरंच उतरलंय. जे करताय ते चालू ठेवा." आणि त्याच दिवसांत एकदा ओन दारात उभी राहून म्हणाली, "आजी, पाऊस गेला." तीन शब्द, एकाला एक जोडून. केनचान त्या संध्याकाळी ज्याला त्याला विनाकारण शिव्या देत हिंडली. आनंद झाला की तिला दुसरं काही सुचत नसे.

मग मालिवान बाळंत झाली. मुलगा झाला. आणि बाळंतिणीला मरळ हवी.

यंदा आपल्या खड्ड्याला हात लावायचा नाही, हे केनचाननं मनाशी केव्हाच ठरवलं होतं. मुलगा थोंगदी खड्डा उपसू का म्हणून विचारायला आला तेव्हा ती म्हणाली, "यंदा पाणी कमी, मासा बारीक. राहू दे." तो बरं म्हणाला. पुढं बांधावरून जाताना खड्डा रिताच दिसला तेव्हा तिनं बगळ्यांना दोन शिव्या हासडल्या आणि पुढं गेली. कोरडी, खारवलेली मरळ आणायला ती टेकडीच्या पलीकडं धरणावरच्या बाजारात गेली. तिकडं तिची धाकटी बहीण पिम्पा सुकी मासळी विकते. तिकडचं पाणी वेगळं, तिकडं खाण नाही. घरी सांगितलं, बहिणीचे गुडघे सुजलेत, बघून येते. गावच्या टेम्पोत बाकड्यावर चढताना कंबर मोडून आली, पण तिनं हूं की चूं केलं नाही.

पिम्पानं केळीच्या पानात मरळीची जुडी बांधून दिली. घरी आल्यावर केनचाननं जुडीची बांबूची कामटी न बघताच विळ्यानं गाठीसकट तोडली, सुनेच्या उशाजवळच्या चिपाडांत भिरकावली, आणि मासे निखाऱ्यावर ठेवले.

"कुठली, आई?" मालिवाननं विचारलं होतं. एवढं तरी बोलली.

"कुठली म्हणजे? आपल्याच खड्ड्यातली. मीच खारवलीय. खा गुमान."

दुसरं काय सांगणार? गावभर मिरवलेली बाई टेकडी ओलांडून परक्या गावचा मासा विकत आणते, हे सुनेला सांगितलं तर तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी विहिरीवर.

आणि ही मरळ धरणावरची, निर्धोक, म्हणून त्या दिवशी केनचाननं आणखी एक गोष्ट केली. भाजलेल्या मरळीचं डोकं मोडलं, फुंकर घालून निववलं, आणि ओनच्या हातात ठेवलं. पोरीनं आधी डोक्याकडं पाहिलं, मग आजीकडं. विश्वासच बसेना तिचा. मग अशी खायला बसली की गालफडं, डोळे, कल्ल्यामागचं मऊ, एकेक चोखून, बोटं चाटून. रोज एक डोकं. केनचान शेजारी बसून बघायची. स्वतःचा भात गार होऊन जायचा.

मालिवान बाजेवर कुशीवर वळून बघायची. भिंतीकडं तोंड करायची.

दिवस गेले तसं सुनेचं दूध कमी पडायला लागलं. बाळ ओढायचं, ओढून ओढून दमायचं आणि चिडून रडायचं. "मरळ खातेस ना?" म्हातारी विचारायची. "हो आई." "मग दूध कुठं जातंय?" त्यावर ती बाळाचं दुपटं सारखं करायची. आणि आज तो काटा कुत्र्यासमोर सापडला होता.

केनचान शिडी चढून वर आली. सुनेसमोर काटा धरला.

"हे काय?"

मालिवाननं बाळाला छातीशी घेतलं. "पोट भरलं होतं, आई."

"कशानं? धुरानं? आरशात बघ जरा. हाडं मोजून घेता येतील तुझी. पोराच्या तोंडातलं दूध तू कुत्र्याला घालतेस. माझा राग असेल तर माझ्यावर काढ, माझ्या थाळीत थुंक, चालेल मला. त्या जिवानं काय केलंय?"

"तुमचा राग नाही."

"मग?"

सुनेचे ओठ हलले. थोंगदी शिडीखाली मोटारसायकल पुसत होता, फडकं थांबलं होतं. मालिवाननं फटीतून खाली बघितलं आणि पुन्हा तोंड मिटलं.

"पूर्वी बायका भीक मागून मरळ आणायच्या बाळंतिणीसाठी," केनचान म्हणाली. "आणि हिला आयती मिळते तर..." पुढचं तिनं गिळलं. कुठून मिळते हे ओठांवर आलं होतं. ते गिळायला तिला भाजीतल्या खड्यासारखं जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मासे संपत आले म्हणून ती पुन्हा धरणावर गेली. मनात म्हणाली, या खेपेला लहान बघून आणते. मोठी मरळ तेलकट असते, तिला किळस येत असेल. बोलत नाही तर आपणच समजून घ्यावं. तेवढी समज आपल्याला आहे, हेही तिला बरं वाटलं.

बाजारात पिम्पा गिऱ्हाईक करत होती. "बस अक्का, आले," म्हणाली. केनचाननं बसून घेतलं नाही. बसायचा तिचा स्वभाव नव्हता. दोरीवर जुड्या टांगल्या होत्या, त्यातली एक तिनं स्वतःच खाली घेतली. डोळ्यांत ढग आलेले, बाजाराच्या ताडपत्रीखाली उजेड कमी. मासा तिनं नाकानं आणि बोटांनी पारखायचा. बोट कल्ल्यापाशी गेलं, तिथून कामटीवर, तिथून गाठीवर.

अंगठा गाठीवरच राहिला.

सगळं जग मासा टांगताना कामटीला साधा पीळ देतं. तो पीळ वाऱ्यानं सुटतो आणि मांजराचं फावतं. केनचानची स्वतःची गाठ निराळी. दोनदा वळसा, तिसऱ्याला उलटा, आणि टोक माशाच्या खालच्या जबड्याआडून परत आत. ओढाल तितकी आवळते. ती गाठ केनचाननं दोघींनाच शिकवली होती. एक लेक, ती रयोंगला. दुसरी आत्ता घरी आगीपाशी निजली होती. लग्न होऊन आली त्या वर्षी तिला शिकवताना केनचाननं तिच्या बोटांवर कामटीनं मारलंही होतं, टोक नेहमी जरा जास्तच लांब सोडते म्हणून.

टोक लांब होतं.

केनचाननं दुसरी जुडी चाचपली. तिसरी चाचपली.

"पिम्पा, ही कुठली?"

"धरणातली. दुसरी कुठली असणार?"

"तू पाहिलीस धरणातून काढताना?"

"अक्का, व्यापारी देतो. गेल्या महिन्यापासून देतोय, चांगली हातभर लांब मरळ. तुमच्या नाखोकची मी घेत नाही बाई, तू काय वाटेल ते म्हण. इथं नाखोकचं नाव काढलं की गिऱ्हाईक पळतं."

केनचान गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. विहारात टाळ्या मिळाल्या होत्या त्या तिला आठवल्या. खड्डा रिकामा होता आणि आपण बगळ्यांना शिव्या घालत होतो. गावात कुणी विकत घेत नाही, म्हणून लेकासुनेनं मासा परस्पर व्यापाऱ्याला दिला, व्यापाऱ्यानं तो टेकडी ओलांडून आणला, आणि आपण कंबर मोडून आलो आणि आपल्याच शेतातला मासा उचलून परत घरी नेला. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेवढ्यात एक तरुण बाई आली. दिवस भरत आलेले, एक हात पाठीवर. "मावशी, आगीपाशी खायला मरळ हवी. जरा मोठ्या दे."

पिम्पानं जुडी काढली. केनचाननं ती तिच्या हातातून ओढून घेतली.

"ही नको घेऊ, पोरी. शिळी आहे. वास येतोय."

"अगं, शिळी कशी?" पिम्पा लाल झाली. "परवा आलीय."

"वास येतोय म्हणते ना मी."

ती बाई दोघींकडं बघत दुसऱ्या दुकानाकडं वळली. पिम्पा भडकली. सख्खी बहीण असून भर बाजारात नाक कापतेस म्हणाली, तिकडं गावात काय विष खायचं ते खा, इथं माझ्या पोटावर पाय देऊ नको. केनचाननं ऐकून घेतलं. खरं सांगायला हवं होतं. ते ओठांवर येईना. तिनं हातातल्या जुडीची कामटी तेवढी गाठीसकट तोडून कमरेला खोचली आणि टेम्पोकडं चालू लागली. वळून बघितलं तेव्हा पिम्पा उरलेल्या जुड्या पुन्हा दोरीवर टांगत होती, आणि दुसरी एक म्हातारी, पाठीला नातू बांधलेली, हात लावून बघत होती.

घरी आली तेव्हा थोंगदी उसाच्या फडावर गेला होता. मालिवान बाजेवर बसून बाळाला थोपटत होती. ओन पायरीवर होती. आजीला बघताच उठली आणि दोन्ही हात पुढं केले.

"आजी, डोकं दे."

तीन शब्द. केनचाननं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वर गेली. कमरेची कामटी काढून तिनं सुनेच्या मांडीवर ठेवली.

मालिवाननं ती उचललीही नाही. नुसतं बघितलं.

"खड्डा कधी उपसलात?"

"मी जड झाले होते तेव्हा. शेवटच्या महिन्यात." तिचा आवाज अगदी सपाट होता. "ते म्हणाले, बाळ येतंय, काहीतरी हाताशी हवं. इथं कुणी घेत नाही. व्यापारी म्हणाला, मी लांब नेतो, नाव सांगत नाही. मी शेतातल्या खोपटात खारवली, वाळवली. बांधून दिली."

"आणि ती मी घरी आणली."

"पहिल्याच दिवशी कामटी ओळखली मी. आग सारायला घेतली आणि ओळखली." मालिवान बाळाकडं बघत बोलत होती. "मला वाटलं, खोपटातली राहिलेली तुमच्या हाती लागली. मी विचारलं, आई, कुठली. तुम्ही म्हणालात, आपल्याच खड्ड्यातली."

केनचान खाली बसली. आगीत चिंचेचं लाकूड बारीक आवाज करत होतं.

"मग बोलायचं. नको म्हणायचं. हे बाधतं, मी खाणार नाही, दूध पाजते मी. एवढं बोलायला काय झालं होतं?"

"विहारात तुम्ही सगळ्यांसमोर खाल्लात, आई. मला तेव्हा तिसरा होता. तुमच्या शेजारी होते मी. तुम्ही अर्धा तुकडा मोडून मला दिलात."

म्हातारीला आठवत नव्हतं. मग आठवलं. टाळ्या वाजत होत्या, तिनं हसून कुणाच्या तरी हातात तुकडा ठेवला होता.

"खाल्लास?"

"सगळे बघत होते."

खाली ओन कुत्र्याशी काहीतरी पुटपुटत होती, एक शब्द, मग एक शब्द. केनचाननं फटीतून तिचे हात पाहिले. काल त्या बोटांवरचं मीठसुद्धा पोरीनं चाटून घेतलं होतं.

"आणि तिचं?" केनचान म्हणाली. "तू इथं पडून बघत होतीस. रोज एक डोकं. सगळं डोक्यातच साठतं म्हणाला होता तो पोरगा का पोटात, मला नाही माहीत, पण तू बघत होतीस. स्वतःचा घास फटीतून टाकलास. पोरीच्या हातातलं का नाही पाडलंस?"

"तुम्ही तुमच्या हातानं भरवत होतात." मालिवानच्या डोळ्यांतलं पाणी आता गालावर आलं, पण आवाज तसाच. "आजी भरवते, मी कोण? मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि तरी देताय. घरात दुसरं काही नसताना अंडी देत होतात, ते मी पाहिलं होतं. मग एकदम हे. मला काही कळेना. आणि ती... ती तशीही..."

"तशीही काय?"

"तशीही आधीपासून खातच आलेली."

केनचाननं डोळे मिटले. असंच काहीसं तिनं स्वतःच्या म्हातारपणाबद्दल किती वेळा म्हटलं होतं. पोरीबद्दल दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते कसलं असतं ते कळलं.

ती उठली. निखाऱ्यावर राखेचा हात फिरवून आग निम्मी केली. टोपलीतली उरलीसुरली मरळ काढली, चुलीमागच्या मडक्यात कोंबून वर दगड ठेवला, कुत्र्यालाही लागू नये म्हणून. एक अंडं पाण्यात सोडलं, मग दुसरं सोडलं. बाळंतिणीनं अंडं खाऊ नये, व्रण राहतो, असं तिनंच गावाला शिकवलं होतं. अंडी उकडली तेव्हा तिनं सोलून एक ओनला हाक मारून दिलं. ओननं अंड्याकडं बघितलं, आजीकडं बघितलं, आणि काही न बोलता ते घेऊन पायरीवर जाऊन बसली.

दुसरं अंडं केनचाननं सुनेच्या हातात ठेवलं आणि तिच्यासमोर बसली. मग बोलली. आवाज चढला नाही. रोजचा चढलेला असायचा, त्यामुळं मालिवाननं घाबरून वर बघितलं.

"खा. आणि ऐक, मी एकदाच बोलणार. तू तुझ्या पोटच्यासाठी घास टाकलास, ते मी आई म्हणून समजते; तिथं तुझं चुकलं नाही. पण जे तुझ्या बाळाला घालवेना ते तू दुसऱ्याच्या बाळासाठी गाठ मारून पाठवलंस. माझी गाठ मारून. आणि माझ्या ओनला खाताना बघून भिंतीकडं वळलीस. हे मी विसरणार नाही. तू माझे पाय धरलेस तरी नाही. मी तुला अशी भिववून ठेवली की खरं बोलायच्या आधी तुला खाली बघावं लागतं, ते माझ्या खात्यावर. ते मी फेडीन का नाही ते मलाच ठाऊक नाही. पण भीती वाटते म्हणून गप्प बसायची सवलत तुला आता संपली, बाई. तू आई झालीस. उद्या टेम्पोत बसशील, बाळ घेऊन. पिम्पाच्या दुकानासमोर उभी राहशील आणि ही मरळ कुठली ते तुझ्या तोंडानं सांगशील. आधी मी सांगेन. आज मला जमलं नाही. मी बोलले की तू बोल, आणि माझ्याकडं न बघता बोल."